दिनविशेष लिहायचा कसा: तारीख जुळली म्हणजे दिवस जुळला असं नाही

आमच्या वाचनालयाच्या दारात एक फळा आहे आणि त्यावर रोज दिनविशेष लिहायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. एका ६ जूनला मी लिहिलं: ‘आजच्याच दिवशी १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि आजच्याच दिवशी १९४४ साली दोस्त राष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या.’ अक्षर बरं आलं होतं, दोन रंगांचे खडू वापरले होते. संध्याकाळी पेपर वाचायला येणारे एक निवृत्त गुरुजी फळ्यासमोर थांबले आणि म्हणाले, “राज्याभिषेकाचा वार कोणता हो?” मी म्हटलं, शनिवार. पुस्तकात तसंच होतं. त्यांनी स्वतःचा फोन पुढे केला. ६ जून १६७४, बुधवार.

फोन चुकला नव्हता आणि पुस्तकही चुकलं नव्हतं. चूक ‘आजच्याच दिवशी’ या दोन शब्दांत होती. ती कशी, हे पुढे सांगतोच. त्या दिवसापासून मी दिनविशेष लिहिण्याची पद्धत बदलली. शाळेच्या फळ्यासाठी, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी किंवा आकाशवाणीवरच्या पाच मिनिटांसाठी कोणी हे काम करत असेल, तर ही पद्धत उपयोगी पडेल.

आधी पानं आखा

वर्षाची ३६६ पानं करा. ३६५ नव्हे. मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ ला जन्मले आणि पुढे मुंबई राज्याचे मुख्यमंत्री नि देशाचे पंतप्रधान झाले. त्यांना पान नको का? एका पानावर एक दिवस. प्रत्येक नोंदीत वर्ष, वार, ठिकाण, वेळ (माहीत असेल तर), तिथी आणि शक (असेल तर), माहिती कुठून घेतली, आणि शेवटी खात्रीची खूण. मी तीन खुणा वापरतो: पक्की नोंद शाईने, एकाच ठिकाणी सापडलेली पेन्सिलीने, आणि वाद असलेली असेल तर पेन्सिलीने लिहून पुढे प्रश्नचिन्ह.

वादाच्या नोंदी फेकून देऊ नका. राणी लक्ष्मीबाईंचा मृत्यू १७ जून १८५८ असाही छापला जातो आणि १८ जून असाही. मी दोन्ही पानांवर प्रश्नचिन्हासह लिहून ठेवलाय. १८ जूनच्या पानावर शाईत दोन नोंदी आहेत: १८१५ ची वॉटर्लूची लढाई आणि १९४६ साली मडगावात राममनोहर लोहियांनी बंदी झुगारून घेतलेली सभा, जिच्यामुळे गोव्यात हा क्रांतिदिन झाला. प्रश्नचिन्हवाली नोंद फळ्यावर क्वचितच जाते, पण कोणी विचारलं तर उत्तर हाताशी असतं.

संगणकावर करायचं असेल तर एक धोका सांगून ठेवतो. एक्सेलला १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून कळत नाही. वर १९०० हे लीप वर्ष होतं असाही त्याचा समज आहे, जे खोटं आहे. म्हणून दिवस, महिना आणि वर्ष असे तीन वेगळे रकाने करा. मग ‘१ ऑगस्ट’ची सगळी वर्षं एका गाळणीत बाहेर येतात.

साहित्य कुठून आणायचं

तयार दिनविशेषाच्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. पाच ठिकाणी एकच तारीख दिसली तरी तो एकच पुरावा असू शकतो, हे सगळ्यात आधी ध्यानात घ्या. यादीचा उपयोग फक्त ‘या दिवशी काही आहे का’ एवढं कळण्यापुरता. खात्री करायला मराठी विश्वकोश, जिल्हा गॅझेटियर, चरित्रं, त्या काळची वर्तमानपत्रं आणि शिवकालासाठी छापील शकावल्या (शकांच्या क्रमाने घटना नोंदवलेल्या जुन्या याद्या) बघायच्या.

व्यक्तीच्या जन्मतारखेबाबत आपल्याकडचा एक खास सापळा म्हणजे १ जून. आपल्या आजोबांच्या पिढीतली निम्मी माणसं १ जूनला जन्मलेली दिसतात, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय अदमासे धरून ती तारीख टाकून दिली. एखाद्या जुन्या कार्यकर्त्याची किंवा लेखकाची जन्मतारीख १ जून दिसली, की पेन्सिल उचला. खरोखर १ जूनला जन्मलेल्यांवर हा अन्याय आहे, पण इलाज नाही.

वार विचारा

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे येऊ.

युरोपात आधी ज्युलियन कॅलेंडर होतं. त्याचं वर्ष सूर्यापेक्षा किंचित लांब, त्यामुळे शतकं जातील तशी तारीख मागे पडत गेली. १५८२ साली पोप तेराव्या ग्रेगरीने दुरुस्ती केली (तेच आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर) आणि ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीतल्या राज्यांनी ते लगेच मानलं. इंग्लंडने मानलं नाही. तिथे हा बदल १७५२ साली झाला. तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. म्हणजे संपूर्ण शिवकाळात गोव्याच्या पोर्तुगिजांच्या पत्रावरची तारीख आणि सुरत-राजापूरच्या इंग्रजांच्या पत्रावरची तारीख यांत दहा दिवसांचा फरक होता. एकाच सकाळी दोघांनी पत्र लिहिलं तरी!

शिवकालीन घटनांच्या ज्या तारखा आपल्याकडे रूढ आहेत त्या इंग्रजांच्या जुन्या पद्धतीच्या, म्हणजे ज्युलियन आहेत. राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता. त्याचं कॅलेंडर ६ जून दाखवत होतं. आज आपण वापरतो त्या कॅलेंडरात तो दिवस १६ जून १६७४ येतो. फोनमधलं कॅलेंडर मात्र आजचीच पद्धत सरळ मागे नेतं, म्हणून त्यात ६ जूनला बुधवार दिसतो. १६ जून काढा, शनिवार येतो.

करून बघायची रीत अशी:

१. घटनेचा वार जुन्या कागदात किंवा चांगल्या चरित्रात शोधा. आपल्या सुदैवाने मराठी कागदांत तिथीबरोबर वार बहुधा असतोच.

२. फोनवर किंवा वार काढून देणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर ती इंग्रजी तारीख टाका.

३. दोन्ही वार जुळले तर तारीख आजच्या पद्धतीची. फोनच्या वारापुढे तीन वार मोजल्यावर जुळलं, तर ती ज्युलियन आणि फरक दहा दिवसांचा. १७०० चा फेब्रुवारी संपल्यापासून फरक अकरा दिवसांचा होतो, तेव्हा चार वार मोजायचे.

४. दोन्ही प्रकारे जुळत नसेल तर तारीखच तपासायला हवी. पेन्सिल.

शिवाजी महाराजांच्या जन्माची तारीख घ्या: १९ फेब्रुवारी १६३०, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार. फोन मंगळवार दाखवेल. बुध, गुरू, शुक्र: तीन. अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवार. फोन म्हणेल सोमवार. पुन्हा तीन. पानिपतची तिसरी लढाई मात्र १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार आणि फोनवरही बुधवारच, कारण तोवर इंग्रजांनी कॅलेंडर बदललेलं होतं.

शकावरून सन काढायला शकात ७८ मिळवायचे. पण १ जानेवारी पौषाच्या आसपास येत असल्यामुळे तिथून फाल्गुनापर्यंतच्या तारखांना ७९ मिळवायचे. म्हणून ज्येष्ठ शके १५९६ म्हणजे १६७४ आणि फाल्गुन शके १५५१ म्हणजे १६३०. मोडी कागदात नुसता ‘सन’ असेल आणि तो सुहूर (मराठी कागदांतली अरबी वळणाची कालगणना) असेल, तर ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. इंग्रजांच्या जुन्या पत्रांत आणखी एक खोच आहे. १७५२ पूर्वी त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे जानेवारी ते मार्चमधल्या पत्रांवर आपल्या हिशेबाने एक वर्ष कमी दिसतं.

मग ६ जूनला राज्याभिषेक लिहायचाच नाही? जरूर लिहायचा. ती रूढ तारीख आहे, रायगडावर त्या दिवशी माणसांचा महापूर असतो, आणि तिथीनेही सोहळा वेगळा होतो. फक्त नॉर्मंडीशी गाठ मारून ‘बरोबर २७० वर्षांनी त्याच दिवशी’ असली वाक्यं लिहायची नाहीत. हा सापळा जागतिक आहे. शेक्सपिअर आणि सर्वांतेस दोघंही २३ एप्रिल १६१६ ला गेले असं हमखास सांगतात. स्पेन ग्रेगोरियन, इंग्लंड ज्युलियन, म्हणजे दोन मृत्यूंत निदान दहा दिवसांचं अंतर. शिवाय सर्वांतेसचा मृत्यू बहुधा २२ चा आणि २३ ला त्याचं दफन. जागतिक पुस्तक दिन तरीही २३ एप्रिललाच आहे आणि तो साजरा करायला माझी काही हरकत नाही.

पानिपतबद्दल एक जाता जाता. ‘संक्रांतीलाच मराठ्यांवर संक्रांत कोसळली’ हे वाक्य भाषणात फार टाळ्या घेतं. पण संक्रांत तेव्हा १४ जानेवारीला नव्हती. ती काळाबरोबर पुढे सरकत जाते. स्वामी विवेकानंद १२ जानेवारी १८६३ ला संक्रांतीच्या दिवशी जन्मले, मग त्याच्या शंभर वर्षं आधी ती १४ ला कुठून असणार? १४ जानेवारीच्या पानावर लिहायला १७६१ आहेच, आणि १९९४ चा मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तारही आहे. टाळ्यांच्या वाक्याची गरज पडत नाही.

मध्यरात्र की सूर्योदय

गुरुजींनी दुसऱ्या दिवशी आणखी एक काडी टाकली. “शनिवार तरी कशावरून?” जेधे शकावलीत राज्याभिषेकाची वेळ दिली आहे: तीन घटका रात्र उरलेली. घटका २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला सव्वा तासाच्या आत-बाहेर. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे शकावलीच्या दृष्टीने तो अजून शुक्रवार. इंग्रजांचा दिवस मध्यरात्रीच उलटलेला, म्हणून शनिवार. दोन्ही खरं. रात्रीच्या उत्तरार्धातल्या प्रत्येक घटनेला हा प्रश्न विचारायचा.

लोकमान्य टिळकांचंही तसंच. मुंबईच्या सरदारगृहात ३१ जुलै १९२० ची मध्यरात्र उलटून गेल्यावर त्यांची प्राणज्योत मालवली. म्हणून तारीख १ ऑगस्ट, रविवार. पंचांगाने मात्र शनिवारच होता. मुंबईत तर त्या काळी दोन घड्याळं चालायची: भारतीय प्रमाणवेळ आणि तिच्या ३९ मिनिटं मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’. मध्यरात्रीच्या आसपासच्या मुंबईतल्या जुन्या घटनेत ही ३९ मिनिटंसुद्धा तारीख फिरवू शकतात.

परदेशातल्या घटनांसाठी ठिकाणाची तारीख धरायची, हा माझा नियम. टायटॅनिक १४ एप्रिल १९१२ ला रात्री ११.४० ला हिमनगावर आदळली आणि १५ ला पहाटे २.२० ला बुडाली. दोन पानं, दोन क्रियापदं. चंद्राचं मात्र ठिकाण कुठलं धरणार? अपोलो ११ चंद्रावर उतरलं ते ग्रीनिचच्या वेळेने २० जुलै १९६९ ला रात्री ८.१७ ला. आपल्याकडे तेव्हा २१ ची मध्यरात्र उलटून पावणेदोन झाले होते, आणि आर्मस्ट्राँगचं पाऊल पडलं तेव्हा तर आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजत आले होते. मी २० जुलैला लिहितो आणि कंसात ‘भारतात २१’ असं टाकतो. पोरं थांबून विचारतात, त्यातून वर्गाबाहेर एक भूगोलाचा तास होतो.

नेमका कुठला क्षण धरायचा

पुष्कळ घटना एका दिवसात उरकत नाहीत. हैदराबादवरची कारवाई १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली, १७ ला निजामाने रेडिओवरून शस्त्रसंधी जाहीर केली आणि सैन्याची रीतसर शरणागती १८ ला झाली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन १७ ला आहे. फळ्यावर ‘१७ ला निजाम शरण आला’ लिहिण्याऐवजी ‘१७ ला शस्त्रसंधी जाहीर झाली’ लिहिलं, तर शब्द जवळपास तेवढेच लागतात आणि चूक टळते. शिकागोची गोष्टही अशीच. १ मे १८८६ ला आठ तासांच्या दिवसासाठी संप सुरू झाला, हेमार्केट चौकात बॉम्ब फुटला तो ४ मे ला. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलं गेलं, अमलात आलं २६ जानेवारी १९५० ला. क्रियापद नीट निवडलं की निम्मे वाद मिटतात.

योगायोग की ठरवून

दोन घटना एका पानावर आल्या की पहिला प्रश्न: दुसरीची तारीख पहिलीकडे बघून ठरवली होती का? २६ जानेवारी ही १९३० च्या पूर्ण स्वराज्य दिनाची आठवण म्हणून मुद्दाम निवडलेली. तिथे ‘काय योगायोग!’ लिहिणं म्हणजे लग्नाला मुहूर्तावर पाहुणे जमले याचं आश्चर्य करणं. धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ला झाली, कारण त्या वर्षी विजयादशमी त्या दिवशी होती. म्हणून दीक्षाभूमीची आठवण १४ ऑक्टोबरलाही निघते आणि दसऱ्यालाही.

याउलट १४ एप्रिल. डॉ. आंबेडकरांचा जन्म १८९१ चा, महूचा. १९४४ साली त्याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फुटलं. दारूगोळा आणि कापसाच्या गासड्या एकाच जहाजात होत्या. आधी आग लागली, ती विझवायला गेलेले ६६ जवान स्फोटांत गेले, आणि म्हणून १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. हा शुद्ध योगायोग. अशा वेळी दोन्ही नोंदी सरळ एकाखाली एक लिहाव्यात, ओढूनताणून धागा जोडू नये. शिवाय एकीकडे जयंतीचा आनंद आहे आणि दुसरीकडे मृत्यू, त्यामुळे रंगही वेगळे ठेवतो.

फॉरवर्ड

दर १४ फेब्रुवारीला सकाळी सातच्या आत निरोप येतो की याच दिवशी भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी झाली आणि तुम्ही गुलाब कसले देताय. फाशी २३ मार्च १९३१ ला संध्याकाळी लाहोरला झाली. शिक्षा ७ ऑक्टोबर १९३० ला सुनावली गेली. १४ फेब्रुवारीला ना शिक्षा झाली, ना फाशी. निरोप पाठवणारा माणूस बहुधा भला असतो, त्याला ग्रुपवर उघडं पाडू नका. खासगीत दोन तारखा लिहून पाठवा.

फळ्यावर काय जातं: १ ऑगस्टचं पान

माझ्या वहीतलं हे सगळ्यात गच्च पान. शाईतल्या नोंदी अशा: १७७४, प्रीस्टलीचा प्राणवायूचा शोध. १९१४, जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. १९२०, टिळकांचं निधन. १९२०, असहकार चळवळीची सुरुवात. १९२०, अण्णा भाऊ साठे यांचा जन्म. शिवाय महसूल दिन.

फळ्यावर तीन ते चारच नोंदी जाव्यात. जास्त लिहिलं की कोणी वाचत नाही. प्रीस्टली आणि महायुद्ध मी गाळतो. १९२० च्या त्या एका रविवारात तीन गोष्टी आहेत, तिथेच थांबायचं. असहकाराची १ ऑगस्ट ही तारीख आधीच जाहीर झाली होती आणि टिळक नेमके त्याच रात्री गेले. गांधीजी मुंबईतच होते. अंत्ययात्रेत त्यांनी खांदा दिला, आणि अग्निसंस्कार स्मशानात न होता गिरगाव चौपाटीवर झाला. त्याच दिवशी वाटेगावात मांगवाड्यात तुकाराम नावाचं मूल जन्मलं (तेच पुढचे अण्णा भाऊ), त्याची कोणी खबर घेतली नसणार. गाव आज सांगली जिल्ह्यात आहे, पण सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणून ‘जन्म वाटेगाव, तेव्हाचा सातारा जिल्हा’. महसूल दिन का, तर सरकारी महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असं चालतं म्हणून. ही ठरवलेली तारीख, तिचा बाकीच्यांशी संबंध नाही, पण समोरच तलाठी कार्यालय असल्यामुळे ती मी गाळत नाही.

शब्दांबद्दल थोडं. पुण्यतिथी नावाप्रमाणे तिथीची, तारखेने पाळतो तो स्मृतिदिन. टिळकांसाठी लोक सर्रास पुण्यतिथी म्हणतात, त्यावरून भांडू नका, पण स्वतः लिहिताना स्मृतिदिन लिहा. ६ डिसेंबरला ‘महापरिनिर्वाण दिन’ आणि ‘अभिवादन’, चुकूनही ‘शुभेच्छा’ नाही.

लिहून झाल्यावर फळ्यावर असं दिसतं:

‘१ ऑगस्ट १९२०, रविवार. मध्यरात्रीनंतर मुंबईत लोकमान्य टिळकांचं निधन. याच दिवशी असहकार चळवळ सुरू. याच दिवशी वाटेगाव (तेव्हाचा सातारा जिल्हा) इथे अण्णा भाऊ साठे यांचा जन्म. आज महसूल दिन.’

इथे ‘याच दिवशी’ बिनधास्त लिहिता येतं. वर्ष एक, कॅलेंडर एक, वारही एक.

चूक सापडली तर पुसून टाकू नका, खाली दुसऱ्या दिवशी ‘दुरुस्ती’ म्हणून लिहा. ७ जूनला मी लिहिली होती: ‘काल लिहिलेली राज्याभिषेकाची तारीख जुन्या कॅलेंडराची, आजच्या हिशेबाने १६ जून.’ गुरुजींनी ती दोनदा वाचली, खिशातून पेन काढून हातावर काहीतरी मोजलं, आणि पेपर घ्यायला आत गेले.